पवित्रतेवर उपदेश करण्याआधी

प्रिय मुली,
प्रभूमध्ये सलाम.

तुझ्या उपदेशाचं टिपण वाचलं. ‘पवित्र’साठीचा ग्रीक शब्द घेऊन ‘हागिओस म्हणजे वेगळा केलेला’ असं वर लिहून खाली काय काय टाळायचं याची लांबलचक यादी दिली आहेस. शब्दकोशाप्रमाणे त्यात चूक नाही. पण आपल्याकडे ‘पवित्र’, ‘वेगळा’ म्हटलं की कानाला सोवळंच ऐकू येतं: शिवू नकोस, विटाळ होईल. आपल्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, कित्येक घरांनी तर ते सोवळं उंबऱ्याबाहेर उभं राहून सोसलंय. त्यांच्यापुढे बोलताना जपून.

तसा धाक शास्त्रातही आहे. जुन्या करारात, हाग्गय 2 मध्ये, याजकांना विचारलं जातं, पदरात पवित्र मांस असलं आणि तो पदर भाकरीला लागला, तर भाकर पवित्र होईल का? नाही. प्रेताला शिवलेला माणूस तिला शिवला तर? ती मात्र अशुद्ध होईल. विटाळ पसरतो, पवित्रता पसरत नाही.

आता मार्क 1 उघड. येशूला तिथे ‘हो हागिओस तू थेऊ’, देवाचा पवित्र, कोण म्हणतं? कफर्णहूमच्या सभास्थानातला अशुद्ध आत्मा! शिष्यांना अजून काही उमगलेलंही नाही. त्याच अध्यायाच्या शेवटी कुष्ठरोगी पुढ्यात येतो आणि येशू हात पुढे करून त्याला शिवतो. नुसत्या शब्दानेही भागलं असतं. विटाळ येशूला लागत नाही, कुष्ठरोगीच शुद्ध होतो. तुझा उपदेश खरा इथून सुरू व्हायला हवा.

प्रेषित पौल हीच गोष्ट थेट घरात नेतो. 1 करिंथ 7:14 बघ: विश्वास न ठेवणारा नवरा बायकोमुळे पवित्र झालेला आहे, लेकरंही ‘हागिआ’, म्हणजे पवित्र. आणि हे करिंथकर कोण? एकमेकांना कोर्टात खेचणारे, प्रभुभोजनाला एक उपाशी तर दुसरा झिंगलेला. त्यांनाच पत्राच्या दुसऱ्या वचनात तो ‘हेगिआस्मेनोइस’, पवित्र केलेले, म्हणतो. पूर्णकाळाचं कर्मणी रूप आहे ते. पवित्र करणारा दुसराच, आणि काम आधीच झालेलं. व्याकरण व्यासपीठावर काढू नकोस, लोक घड्याळ बघतात. तुझ्या मनात मात्र ते पक्कं असू दे.

यादी सगळीच फेकू नकोस. इब्री 12:14 मध्ये ‘हागिआस्मोस’च्या, म्हणजे पवित्रतेच्या, मागे लागायला सांगितलंय. क्रियापद ‘दिओको’, पाठलाग करणं; स्वतः मंडळीचा छळ केला हे सांगताना पौल फिलिप्पै 3:6 मध्ये तेच वापरतो. इतकं हात धुऊन मागे लागायचं. त्याच वाक्यात सर्वांशी शांतीने राहणं आधी येतं, तेही तुझ्या टिपणात राहून गेलंय.

‘टाळा’ कमी कर, ‘करा’ वाढव. लेवीय 19 ची सुरुवातच ‘तुम्ही पवित्र असा’ अशी आहे आणि पुढे काय येतं? मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडकवू नका, वजनंमापं खरी ठेवा. रोजंदारीवर जाणारे मागच्या बाकांवर बसतात. हे त्यांच्याकडे बघून वाच.

सुधारलेलं टिपण शुक्रवारपर्यंत पाठव, म्हणजे शनिवारी फोनवर बोलता येईल.

तुझा,
सर