रेडिओ कंट्रोल युद्धनौकांच्या लढाईत जहाज खरंच बुडतं का? ते बांधतात कसं?

हो, खरंच बुडतं. तशी सोय करूनच बांधतात.

हा छंद मूळचा अमेरिकेतला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या खऱ्या युद्धनौकांची मॉडेल्स, बहुतेक १:१४४ प्रमाणात. २५१ मीटरची जर्मन युद्धनौका बिस्मार्क म्हणजे तळ्यात पावणेदोन मीटरचं धूड! तोफा कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर चालतात. 'फास्ट गन' प्रकारात सगळेच साधारण साडेचार मिलिमीटरच्या छऱ्यांनी मारा करतात. 'बिग गन'मध्ये मोठ्या तोफेला मोठा छरा.

सांगाडा फायबरग्लासचा किंवा प्लायवूडचा, पण बाजूंना मोठ्या खिडक्या कापून त्यावर जेमतेम मिलिमीटरभर जाडीचं बाल्सा लाकूड चिकटवतात. छरा ते सहज फोडतो. आत बिल्ज पंप, म्हणजे शिरलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप असतो. त्याची क्षमता नियमाने मर्यादित. भोकं वाढली की पंप हरतो आणि जहाज कलंडून बुडतं. मग वर येतो तो जहाजाला दोरीने बांधलेला फ्लोट, म्हणजे तरंगता तुकडा. तो धरून जहाज ओढायचं, पाणी ओतायचं, भोकं बुजवायची, पुन्हा लढायला तयार.

नवख्याने तोफांआधी पाण्याचा विचार करावा. तळाला उतार असा द्या की आलेलं पाणी थेट पंपाकडेच जाईल. बॅटरी खाली, मधोमध. रिमोटचे सिग्नल पकडणारा रिसीव्हर मात्र घट्ट झाकणाच्या डबीत. छोट्या क्रूझरचा मोह टाळा, त्यात वजनाचं गणित बसवताना नाकीनऊ येतात; क्रूझरपेक्षा मोठी अशी मध्यम बॅटलशिप बरी.

आणि काठावर प्रत्येकाच्या डोळ्यांवर सेफ्टी गॉगल हवाच, बघ्यांच्याही.