ऑफिसच्या टेलिफोन यंत्रणेवर मंजुरीचे शिक्के आहेत, मग सुरक्षा तपासणीत आणखी काय पाहायचं?

तुमच्याकडे ईपीएबीएक्स (ऑफिसमधले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनला जोडणारी पेटी), त्यावर साधे फोन आणि फॅक्स, शिवाय थोडे आयपी फोन (कॉम्प्युटर नेटवर्कवर चालणारे) आहेत, आणि प्रत्येक डब्यावर मंजुरीचं लेबल आहे. ते पुरेसं नाही. लेबल यंत्राला मिळालेलं असतं, तुमच्या जोडणीला नाही. यंत्र तपासलं जातं ते ठरलेल्या अ‍ॅडॅप्टरवर आणि नीट अर्थिंग देऊन. यातलं काही बदललं की लेबल जागेवर राहतं, पण त्याचा अर्थ उरत नाही.

सर्वांत आधी अर्थिंग पाहा, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच असतो. ईपीएबीएक्सच्या पेटीवर अर्थिंगचा स्वतंत्र स्क्रू असतो. प्लगमध्ये तिसरी पिन आहे म्हणून तो मोकळा सोडून देतात. बाहेरून येणाऱ्या लाइनवर वाढीव व्होल्टेज आलं तर ते जमिनीत न्यायची वाट हीच असते. तार पुस्तिकेत सांगितलेल्या जाडीची, हिरवी-पिवळी, शक्य तितकी आखूड आणि सरळ हवी. उरलेल्या तारेचं वेटोळं करून टांगू नका, विजेच्या झटक्याला ते वेटोळं अडवतं.

‘टेलिफोनला वेगळी, स्वच्छ अर्थिंग’ म्हणून बाहेर निराळा रॉड ठोकून तो मुख्य अर्थिंगला न जोडण्याची पद्धत मला सरळ धोकादायक वाटते. हिशेब करून पाहा: वीज कोसळून 5 ओहमच्या रॉडमधून 10,000 अँपिअर गेले तर तो रॉड क्षणभर 50,000 व्होल्टवर जातो. दुसरा रॉड त्या वेळी जवळपास शून्यावर असेल, तर हा सगळा फरक ईपीएबीएक्समधल्या सर्किट कार्डांवर पडतो. रॉड कितीही असू द्या, सगळे एकाच मुख्य अर्थ पट्टीला बांधलेले हवेत.

बाहेरची लाइन इमारतीत शिरते तिथेच वाढीव व्होल्टेज अडवणारं संरक्षक मोड्यूल हवं, ईपीएबीएक्सजवळ नाही. त्यातली गॅस ट्यूब (ठरलेल्या व्होल्टेजच्या वर वीज जमिनीकडे सोडणारी नळी) बहुधा 230 व्होल्टची असते, आणि त्याला कारण आहे. लाइनवर 48 व्होल्ट डीसी कायम असतं. घंटीच्या वेळी त्यावर सुमारे 90 व्होल्ट एसी चढतं, ज्याचं टोक 127 च्या आसपास जातं. म्हणजे एकूण 175. कोणी 90 व्होल्टची ट्यूब बसवली तर ती प्रत्येक घंटीला वीज सोडू लागते, टेलिफोन कंपनीच्या एक्स्चेंजला रिसीव्हर उचलल्यासारखं वाटतं आणि घंटी तुटते. मग आठवडाभर फोनच बदलत बसतात. शेजारच्या इमारतीत एक्स्टेंशन न्यायचं असेल तर तांब्याच्या तारेला दोन्ही टोकांना संरक्षण लागतं. आयपी फोनसाठी दोन इमारतींमध्ये फायबरच टाका. नेहमीचे पीओई पोर्ट (नेटवर्कच्या तारेतूनच फोनला वीज देणारे) इमारतीबाहेरच्या तारेसाठी नसतात.

पेटी उघडायचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी बाहेरच्या लाइन काढायच्या, मग वीज, अर्थिंग सगळ्यात शेवटी. जोडताना बरोबर उलट. विजा कडाडत असताना या कामाला हातच लावू नका. मेन स्विच बंद आहे म्हणून टॅग ब्लॉक, म्हणजे लाइनच्या तारा जोडायची पट्टी, सुरक्षित होत नाही. लाइनची वीज एक्स्चेंजकडून येते, आणि ओल्या हाताला घंटीचा झटका चांगलाच लागतो.

अ‍ॅडॅप्टरमध्ये फसवणूक पिनची होते. 5 व्होल्टच्या फोनमध्ये 12 व्होल्टची पिन तितक्याच सहज शिरते. व्होल्टेज, अँपिअर आणि प्लस-मायनसची खूण, तिन्ही जुळवा. पीओईचा प्रमाणित स्विच आधी समोरच्या उपकरणात 25 किलो-ओहमची खूण शोधतो, मगच वीज सोडतो. पॅसिव्ह इंजेक्टर, म्हणजे तारेत वीज घालणारा साधा डबा, न विचारता सोडतो आणि लॅपटॉपचा पोर्टही जाळू शकतो. 24 पोर्टना पूर्ण 15.4 वॅट द्यायचे तर स्विचकडे पीओईसाठीच सुमारे 370 वॅट हवेत. त्याहून कमी असतील तर शेवटचे फोन चालू-बंद होत राहू शकतात.

एका लाइनवर किती साधने चालतील हे आरईएन आकडा, म्हणजे प्रत्येक साधन घंटीवर किती भार टाकतं त्याचं माप, सांगतो. अमेरिकी नियमाच्या लेबलवर ‘यूएस’ने सुरू होणाऱ्या लांब क्रमांकात ‘टी’च्या आधीचे दोन अंक पाहा: 10 म्हणजे 1.0, 03 म्हणजे 0.3. सार्वजनिक लाइनवर बेरीज सहसा 5 पर्यंत चालते, ईपीएबीएक्सच्या एक्स्टेंशनवर पुष्कळदा बरीच कमी. ओलांडली की फोन बोलतात, पण वाजत नाहीत. लाइन कॉर्ड 26 गेज किंवा त्याहून जाड वापरा (गेजचा आकडा लहान तितकी तार जाड). लाइनला चुकून मेनची तार लागली तर पातळ कॉर्डच आधी पेटते.

जुन्या यंत्रावर आयईसी 60950-1 आणि नव्यावर 62368-1 हा सुरक्षा मानकाचा क्रमांक दिसेल. युरोप आणि अमेरिकेत 20 डिसेंबर 2020 ला नव्याने जुन्याची जागा घेतली, पण तेवढ्याने बसवलेलं जुनं यंत्र बेकायदा होत नाही. कार्डावरचा नाण्याएवढा सेल बदलताना मात्र पुस्तिकेतलाच प्रकार घाला. चार्ज होणाऱ्या सेलच्या जागी साधा लिथियम सेल बसवला तर तो फुटू शकतो. बॅकअपच्या 12 व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकाच वयाच्या असू द्या आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावा.

तातडीच्या क्रमांकाकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. 16 फेब्रुवारी 2020 नंतर बसवलेल्या यंत्रणेत बाहेरच्या लाइनचा 9 आधी न दाबता तातडीचा क्रमांक लागलाच पाहिजे, असा अमेरिकेत कायदा आहे. तुमच्याकडे तसा नियम असो नसो, प्रोग्रॅमिंगमध्ये ही सोय करून घ्या. बहुतेक ईपीएबीएक्समध्ये वीज गेल्यावर एक ठरावीक एक्स्टेंशन रिलेने (आपोआप पडणाऱ्या स्विचने) थेट बाहेरच्या लाइनला जोडलं जातं. तिथे साधा, अ‍ॅडॅप्टर न लागणारा फोन ठेवा, त्यावर चिठ्ठी लावा, आणि ईपीएबीएक्सची वीज व बॅटरी दोन्ही बंद करून त्यावरून खरंच बाहेर फोन लागतो का ते पाहा.