चिनी चित्रावरील ‘फांग’: नक्कल, अनुकरण की वळण?

चिनी निसर्गचित्रांवर पुष्कळदा चित्रकाराच्याच हस्ताक्षरात ‘फांग’ हे अक्षर आणि त्यापुढे एखाद्या पूर्वसूरीचे नाव लिहिलेले असते. या ‘फांग’ला मराठीत ‘नक्कल’ म्हणावे की ‘अनुकरण’, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. माझ्या मते हे दोन्ही शब्द टाळावेत, कारण जुन्या चित्रावरून नवे चित्र काढण्यासाठी खुद्द चिनी भाषेत तीन वेगळे शब्द आहेत.

‘मो’ म्हणजे मूळ चित्रावर पातळ कागद ठेवून खालची रेघ वर उमटवणे. या अक्षराच्या तळाशी ‘हात’ दाखवणारे चिन्ह आहे, आणि कित्ता गिरवलेल्या कोणालाही ही क्रिया परिचित वाटेल. ‘लिन’ म्हणजे मूळ चित्र समोर ठेवून, त्याकडे पाहत ते उतरवून काढणे. आपण कागदपत्राची नक्कल अशीच उतरवतो, म्हणून ‘नक्कल’ हा शब्द इथे शोभतो.

‘फांग’साठी मात्र मूळ चित्र समोर असण्याचीही गरज नसते. नी त्सान (१३०१–१३७४) याच्या चित्रांत अलीकडच्या काठावर मोजकी विरळ झाडे, कधी एखादा रिकामा मंडप, मध्ये कोरे सोडलेले पाणी आणि पलीकडे बुटके डोंगर दिसतात, आणि तेही कोरड्या, फिक्या शाईत. तीन शतकांनंतर वांग ह्वे (१६३२–१७१७) यासारखा चित्रकार ‘फांग नी त्सान’ असे लिहितो, तेव्हा चित्राची मांडणी सर्वस्वी त्याची स्वतःची असू शकते. तसे चित्र नी त्सानने कधी काढलेलेही नसेल. पूर्वसूरीकडून आलेली असते ती कुंचला चालवण्याची रीत आणि मोकळ्या जागेला दिलेला मान. ‘अनुकरण’ या शब्दाला मराठीत जो कमीपणा चिकटला आहे, तो इथे अन्यायकारक ठरतो.

मला ‘वळण’ हा शब्द सर्वांत जवळचा वाटतो. हस्ताक्षराला वळण असते, आणि नात आजीच्या वळणावर गेली असेही आपण म्हणतो. चिनी रसिकांनी सुलेखन आणि चित्रकला या एकाच कुंचल्याच्या कला मानल्या असल्याने शब्दातील हस्ताक्षराची छटा विशेष जुळते. ‘प्रेरित’ हा शब्द सैल आहे, कारण प्रेरणा न दिसताही असू शकते. ‘फांग’ लिहिणाऱ्याला मात्र जाणकाराने ती रेघ ओळखावी, हेच हवे असते. म्हणून अशा चित्राखाली मी ‘नी त्सानच्या वळणाचे निसर्गचित्र’ असे लिहीन.