अमेरिकेत रेसिडेन्सी करायची आहे, तर

प्रिय डॉक्टर,

अमेरिकेतल्या डॉक्टरी लायसन्ससाठीच्या यूएसएमएलइ परीक्षेचा पहिला टप्पा, म्हणजे स्टेप 1, पास झाल्याबद्दल मनापासून अभिनंदन. ‘आता अमेरिकेचं लायसन्स किती लांब?’ असं तू विचारलं आहेस. उत्तर देण्याआधी एक गोष्ट सांगते, कारण माझ्याकडे विचारायला येणाऱ्या मुलामुलींचा गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो. परीक्षा, रेसिडेन्सी (म्हणजे पदवीनंतरचं रुग्णालयातलं प्रशिक्षण) आणि लायसन्स हे तीन वेगळे निर्णय आहेत आणि ते वेगवेगळी माणसं घेतात. एकाने हो म्हटलं म्हणून दुसरा बांधील नसतो. प्रत्येकाला तुझ्याबद्दल काय जाणून घ्यायचं आहे, हे ओळखून तयारी केलीस तर वर्षं वाया जाणार नाहीत.

इसीएफएमजी ही अमेरिकन संस्था 1956 पासून परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची पात्रता तपासते. तिचं सर्टिफिकेट नसेल तर मान्यताप्राप्त रेसिडेन्सी सुरूच करता येत नाही. त्यासाठी स्टेप 1 आणि स्टेप 2 सीके (क्लिनिकल ज्ञानाची परीक्षा) पास व्हावं लागतं आणि तुझ्या पदवीची खातरजमा संस्था थेट तुझ्या कॉलेजकडून करून घेते. पूर्वी क्लिनिकल कौशल्याची वेगळी प्रत्यक्ष परीक्षा असायची. ती 2020 मध्ये थांबली आणि 2021 मध्ये कायमची बंद झाली. आता त्याऐवजी ‘पाथवे’ नावाचा अर्ज आणि ओइटी ही इंग्रजीची परीक्षा असते. यात अवघड काही नाही, पण वेळ फार खातं. पासपोर्टावरचं, पदवीवरचं आणि परीक्षेच्या नोंदणीतलं नाव अक्षरन्‌अक्षर जुळतंय का, ते आजच बघ. कॉलेजच्या कार्यालयात हे कागद कोण हाताळतं, त्या व्यक्तीशी आत्ताच ओळख करून ठेव.

आता स्टेप 2 सीके. जानेवारी 2022 पासून स्टेप 1 ला गुण देत नाहीत, फक्त पास की नापास एवढंच कळवतात. त्यामुळे सगळा भार सीकेच्या गुणांवर आला आहे. एकदा पास झालं की गुण वाढवण्यासाठी ही परीक्षा पुन्हा देता येत नाही, आणि नापास झालं तर तो शेरा प्रत्येक रेसिडेन्सी प्रोग्रॅमला दिसतो. म्हणून मैत्रिणीने किंवा मित्राने तारीख घेतली या कारणासाठी तू तारीख घेऊ नकोस. परीक्षा तयार करणाऱ्या एनबीएमइ संस्थेच्या सराव चाचण्यांत हवे तसे गुण सातत्याने येऊ लागले की मगच बस.

आणि कुणी ‘आठवणीतले प्रश्न’ म्हणून फाइल पाठवली तर ती उघडूसुद्धा नकोस. जानेवारी 2024 मध्ये नेपाळशी संबंधित अनेक उमेदवारांचे निकाल परीक्षा-संस्थांनी अवैध ठरवले. काहींना आधीच प्रश्न माहीत असल्याचे पुरावे सापडले होते. तुझी इतक्या वर्षांची मेहनत अशा एका फाइलपायी संशयात सापडावी, हे मला सहन होणार नाही.

माझ्या मते तुझा सगळ्यात जास्त विचार मॅचसाठी, म्हणजे अर्जदार आणि रेसिडेन्सीच्या जागा जुळवण्याच्या प्रक्रियेसाठी, खर्च व्हायला हवा. सप्टेंबरात इरास या ऑनलाइन अर्ज-व्यवस्थेवरून अर्ज, मग मुलाखती, हिवाळा संपताना प्रोग्रॅमच्या पसंतीची यादी, मार्चमध्ये निकाल आणि जुलैत काम सुरू, असं हे वर्ष चालतं. 2025 च्या मॅचमध्ये अमेरिकन नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी सुमारे 58 टक्क्यांना जागा मिळाली. म्हणजे परीक्षा पास झालेल्या, अर्ज केलेल्या, यादी दिलेल्या दर पाच जणांतले दोघं रिकाम्या हाताने राहिले. हा आकडा मी तुला घाबरवायला सांगत नाही, एकाच वर्षावर सगळं घर गहाण टाकू नकोस म्हणून सांगते.

मुलाखतीला कुणाला बोलवायचं हे ठरवताना आम्ही निवड करणारे गुण बघतोच. त्यानंतर मात्र बघतो ते हे, की या व्यक्तीला इथल्या रुग्णालयात काम करताना कुणी पाहिलं आहे का? अजून पदवी हाती आली नसेल तर इलेक्टिव्ह, म्हणजे इथल्या रुग्णालयातलं विद्यार्थ्यांसाठीचं प्रशिक्षण, कर. विद्यार्थी असताना रुग्णाला प्रत्यक्ष तपासायची संधी मिळते, पदवीनंतर बहुतेक ठिकाणी नुसतं बघत उभं राहावं लागतं. शिफारसपत्र मोठ्या नावापेक्षा ज्यांनी तुझं काम रोज पाहिलं त्यांच्याकडून घे. दोन वाक्यांत कळतं कोणतं पत्र मनापासून लिहिलंय ते. पदवीला किती वर्षं झाली हेही अनेक प्रोग्रॅम बघतात, त्यामुळे मधली वर्षं रुग्णांपासून दूर घालवू नकोस.

पसंतीच्या यादीबद्दल चुकीचे सल्ले फार फिरतात. ‘जिथे मिळेल असं वाटतं ते वर टाक’ हा त्यातला सर्वांत घातक. जागा जुळवणारी पद्धत अर्जदाराच्या बाजूने चालते. संगणक तुझ्या यादीतला पहिला प्रोग्रॅम आधी बघतो. तिथे जागा झाली तर ती तात्पुरती धरतो. पुढे त्या प्रोग्रॅमला तुझ्याहून जास्त पसंत असलेलं कुणी आलं, तर तुझी जागा सुटते आणि तुझ्या यादीतल्या पुढच्या नावाचा विचार होतो. म्हणजे अवघड प्रोग्रॅम वर लिहिल्याने खालची जागा हातची जात नाही. 1998 पासून वापरात असलेली ही सुधारित पद्धत घडवणारे अल्विन रॉथ यांना पुढे 2012 मध्ये लॉइड शॅप्ली यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा यादी लिहिताना मन जसं सांगेल तसाच क्रम लाव. फक्त जिथे जायचंच नाही ते नाव टाकू नकोस, कारण मॅचचा निकाल बंधनकारक असतो.

व्हिसाचा विचार अर्जाआधीच हवा. बहुतेक जण इसीएफएमजीमार्फत जे-1 या प्रशिक्षणाच्या व्हिसावर येतात. त्यात प्रशिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट आहे. कॉनराड 30 योजनेखाली प्रत्येक राज्य वर्षाला 30 डॉक्टरांपर्यंत ही अट माफ करण्याची शिफारस करू शकतं. त्याबदल्यात बहुधा डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम करायचं असतं. एच-1बी हा नोकरीचा व्हिसा हवा असेल तर आधी स्टेप 3, म्हणजे शेवटच्या टप्प्याची परीक्षा, लागते, आणि ती अमेरिकेतच द्यावी लागते. शिवाय सप्टेंबर 2025 च्या घोषणेने देशाबाहेरच्यांसाठीच्या नव्या एच-1बी अर्जावर एक लाख डॉलरचा बोजा आला. म्हणून कोणता प्रोग्रॅम कोणता व्हिसा देतो, हे पत्र लिहून विचार आणि उत्तर जपून ठेव.

लायसन्स देतं ते राज्याचं मेडिकल बोर्ड. रेसिडेन्सीत बहुतेक राज्यांत प्रशिक्षणापुरता परवाना असतो. पूर्ण लायसन्ससाठी स्टेप 3 आणि ठरावीक वर्षांचं प्रशिक्षण लागतं, आणि परदेशी पदवीधरांकडून अनेक राज्यं जास्त वर्षं मागतात. टेनेसीने 2023 मध्ये इथल्या रेसिडेन्सीशिवाय तात्पुरत्या लायसन्सची वाट काढणारा कायदा केला आणि मग आणखी काही राज्यांनीही तसे कायदे केले, हे तू ऐकलं असशील. त्यावर आत्ता भिस्त ठेवू नकोस. विषयातलं तज्ज्ञपण मान्य करणारी बोर्ड-मान्यता राज्याच्या लायसन्सहून वेगळी असते, ती साधारणपणे रेसिडेन्सीशिवाय मिळत नाही, आणि रुग्णालयं नोकरी देताना ती विचारतात. राज्याच्या मेडिकल बोर्डाच्या अर्जात शिक्षणातला खंड, जुनी शिस्तभंगाची कारवाई असं सगळं विचारतात. जे घडलं असेल ते लिही. खंड समजून घेतला जातो, लपवाछपवी सापडली तर तीच मोठी अडचण होते.

पर्सनल स्टेटमेंटचा मसुदा ऑगस्ट लागायच्या आत मला पाठव. त्यात एका रुग्णाबद्दल लिही, ज्याच्यासाठी तू स्वतः काही केलंस. आणि व्हिसाबद्दल प्रोग्रॅमकडून जी उत्तरं येतील तीही सोबत जोड, म्हणजे यादी आपण दोघं मिळून बघू.