रेडिमेड म्हणजे नुसता धंदा?

प्रश्न : ताई, मी फॅशन डिझायनिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचे सर म्हणतात, खरं डिझाइन मापावर शिवलेल्या कपड्यातच असतं, रेडिमेड हा नुसता धंदा. तुम्हाला काय वाटतं?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : मला हे अजिबात पटत नाही. तू डिझायनर क्लेअर मॅकार्डेलचं काम बघ. १९०५ साली अमेरिकेत मेरीलँडमध्ये जन्मलेली ही बाई. पॅरिसमध्येही शिकली, पण फ्रेंच फॅशनची नक्कल न करता न्यूयॉर्कच्या टाउनली फ्रॉक्स या रेडिमेड कपड्यांच्या कंपनीसाठी स्वतःचे कपडे केले, तेही कारखान्यात शिवायचे.

तिचा १९३८चा ‘मोनॅस्टिक’ ड्रेस घे. कमरेला शिवणच नाही, नुसता घोळ! पट्टा बांधला की तोच अंगावर बसतो, म्हणून एकच कट कितीतरी बांध्यांना चालतो. रेडिमेडमधला सगळ्यात अवघड प्रश्न तिने एका पट्ट्यावर सोडवला, आणि मला तरी तिचं हेच काम सर्वांत मोठं वाटतं.

मग १९४२चा ‘पॉपओव्हर’. युद्धामुळे घरकामाला माणसं मिळेनात, तेव्हा घरातल्या बाईसाठी केलेला, पुढून गुंडाळून बांधायचा. मोठा खिसा, सोबत गरम भांडी धरायचा हातमोजा. किंमत ६.९५ डॉलर.

डेनिम, सुती कापड, लोकरी जर्सी ही तिची आवडती. कपड्यांचे बंद शक्यतो पुढे किंवा बाजूला, म्हणजे ते एकटीला घालता यावेत. पुढच्या असाइनमेंटला असा एक गुंडाळायचा ड्रेस कापून बघ आणि वेगवेगळ्या बांध्याच्या मैत्रिणींना घालायला दे. खिसा मात्र विसरू नकोस.