डायलॉग बंद होत नाही, कारण तो लपवणारी ओळ आपणच खोडलेली असते

डायलॉग टॅगला (पानावर उघडणारी चौकट बनवणारा एचटीएमएल टॅग) सीएसएसमध्ये डिस्प्ले फ्लेक्स (आतल्या गोष्टींची मांडणी ठरवणारी सेटिंग) दिल्यापासून चौकट पान उघडताच दिसते, क्लोज केलं तरी जात नाही आणि शोमोडलने (बाकीचं पान अडवून चौकट उघडणारी जावास्क्रिप्टची आज्ञा) उघडली की मधोमध न येता वरच्या डाव्या कोपऱ्यात बसते, असं तुम्ही म्हणताय. हा ब्राउझरचा बग नाही.

प्रत्येक ब्राउझरजवळ स्वतःची स्टाईलशीट, म्हणजे टॅग कसे दिसावेत याच्या नियमांची यादी, असते. तिच्यात काय असावं हे एचटीएमएलच्या स्टँडर्डमध्ये ‘रेंडरिंग’ या भागात लिहिलेलं आहे. डायलॉगवर चौकट उघडी असल्याचं सांगणारं ओपन अ‍ॅट्रिब्यूट नसेल तर डिस्प्ले नन, म्हणजे दाखवूच नका, ही तिथलीच एक साधी ओळ. तुमच्या फ्लेक्सने नेमकी तीच खोडली.

आता तुम्ही म्हणाल, ब्राउझरचा सिलेक्टर (नियम कोणत्या टॅगला लागू ते सांगणारा भाग) तर माझ्यापेक्षा जास्त स्पेसिफिक, म्हणजे नेमका आहे! आहेच. पण कॅस्केडमध्ये (भिडणाऱ्या नियमांतून एक निवडायची सीएसएसची पद्धत) आधी नियम कुणाचा ते बघतात, स्पेसिफिसिटीची पाळी नंतर येते. पान लिहिणाऱ्याचा साधा नियमसुद्धा ब्राउझरच्या साध्या नियमाला हरवतो. तो लेयरमध्ये (नियमांचा अग्रक्रम ठरवणाऱ्या गटात) टाकला तरीही. म्हणून फ्लेक्स फक्त ओपन असलेल्या डायलॉगला द्या: सिलेक्टरमध्ये डायलॉगला लागूनच, त्याच्यानंतर चौकटी कंसात ओपन लिहा, बस. ओपॅसिटी शून्य करून लपवायचा मोह मात्र टाळा. डोळ्यांना चौकट दिसत नाही, पण टॅब दाबणारा माणूस तिच्यातल्या बटणांवर जाऊन अडकतो, स्क्रीन रीडरही ती वाचत बसतो. एका अर्जाच्या पानावर हे मी प्रत्यक्ष पाहिलंय, वापरणाऱ्याची फार ओढाताण होते.

कोपऱ्याचं कारण तुमच्या रीसेटमध्ये (ब्राउझरच्या स्टाईल पुसणाऱ्या सुरुवातीच्या ओळींत) आहे. मोडल डायलॉग मधोमध येतो तो ब्राउझरने दिलेल्या मार्जिन ऑटोमुळे, आणि तुम्ही तारांकनाने सगळ्यांचं मार्जिन शून्य केलंय. ही ओळ लोकांच्या हातात बसली तेव्हा डायलॉग नव्हताच. क्रोममध्ये तो २०१४ साली आला, फायरफॉक्स आणि सफारीत थेट मार्च २०२२ मध्ये. रीसेटच्या खाली डायलॉगला मार्जिन ऑटो परत द्या.

ब्राउझरचं मूळ रूप हवं असेल तिथे रिव्हर्ट लिहा, इनिशियल नको. इनिशियल म्हणजे प्रॉपर्टीची सीएसएसमधली मूळ किंमत. डिस्प्लेसाठी ती इनलाइन आहे, मग एरवी पूर्ण ओळ घेणारा डिव्ह टॅगसुद्धा इनलाइन होतो, म्हणजे शब्दांसारखा ओळीत बसतो.

डेव्हटूल्समध्ये (पानाची तपासणी करायची ब्राउझरमधली खिडकी) क्रोम स्वतःचे हे नियम ‘यूजर एजंट स्टाईलशीट’ अशा नावाने दाखवतो. फायरफॉक्समध्ये सेटिंग्जमधून ब्राउझर स्टाईल्स चालू कराव्या लागतात. तिथे एकदा समरी टॅगही (उघडझाप होणाऱ्या मजकुराचं शीर्षक) बघा: त्याचा डिस्प्ले लिस्ट-आयटम, म्हणजे यादीतल्या खूण असलेल्या ओळीसारखा आहे, म्हणूनच त्याला फ्लेक्स दिला की शेजारचा त्रिकोण गायब होतो.