सीएनसी मशीनचा स्पिंडल चालू झाला की यूएसबी संपर्क तुटतो, सॉफ्टवेअर बदलूनही फरक नाही

सीएनसी मशीन (संगणकाच्या हुकुमाने कापणारं यंत्र) टूल न फिरवता नुसतं पुढे-मागे चालवलं तर नीट चालतं आणि स्पिंडल, म्हणजे टूल फिरवणारी मोटर, सुरू केला की दोन-चार मिनिटांत संगणकाशी संपर्क तुटतो, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे सॉफ्टवेअर बहुतेक निर्दोष आहे. खात्री करायची तर स्पिंडल बंद ठेवून, टूल हवेत उचलून तोच जी-कोड (मशीनला हालचाली सांगणारी फाइल) पूर्ण चालवा. शेवटपर्यंत गेला तर दोष विजेच्या गोंगाटाचा, म्हणजे स्पिंडलमुळे तारांमध्ये शिरणाऱ्या विद्युत अडथळ्याचा.

आता केबलकडे बघा. स्पिंडलची वायर आणि यूएसबी केबल एकाच पट्टीने बांधल्यात का? बहुतेकांच्या मशीनवर तसंच असतं. त्या वेगळ्या करा, एकमेकींना छेद द्यायचाच असेल तर काटकोनात द्या. यूएसबी केबल शील्ड (आतून धातूचं आवरण) असलेली आणि शक्य तितकी आखूड घ्या, दोन्ही टोकांना फेराइट (केबलवर बसणारं, गोंगाट शोषणारं कडं) लावा. स्पिंडलची बॉडी अर्थिंगला जोडलेली आहे ना, हे प्लग काढून मल्टिमीटरने तपासा. एवढं करूनही तुटत असेल तर यूएसबी आयसोलेटर (मशीन आणि संगणक यांचा विजेचा थेट संबंध तोडून फक्त डेटा जाऊ देणारं उपकरण) लावा. हब मात्र मधे नको.

संगणकावर मशीनचं पोर्टच दिसत नसेल तर गोष्ट वेगळी: बऱ्याच स्वस्त बोर्डांवर यूएसबी जोडणीसाठी सीएच३४० चिप असते, तिचा ड्रायव्हर टाका. जीआरबीएलचा (बोर्डातलं, मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) बॉड रेट, म्हणजे डेटा पाठवायचा वेग, १,१५,२०० असतो; तुमच्या सॉफ्टवेअरमध्येही तोच ठेवा. विंडोजमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी पोर्ट झोपवणारी सोय) हेही बंद करा.

आणि कृपा करून, संपर्क तुटल्यावर जॉब मधूनच पुढे रेटू नका. आधी होमिंग करा (मशीनला त्याच्या ठरलेल्या मूळ जागेवर न्या), कामाचा शून्य बिंदू पुन्हा तपासा, नाहीतर टूल थेट क्लॅम्पवर जाईल.